मला नापास करणारे सर

ये गं, इकडं ये, अशी जवळ सरक. आणि कानातली ती बोंडं काढ आधी. वर्षातून एकदा उगवायचं, उंबऱ्याला टेकायचं, चहा पुरता प्यायचा नाही आणि "मावशी, माझी गाडी आहे" म्हणायचं, याला काय येणं म्हणतात का? परभणी ते गंगाखेड तासाभराचा रस्ता. तेवढ्यासाठी तुझं तोंड मला फोनच्या काचेत बघावं लागतं. बस. शेंगा भाजल्यात, फोडत फोडत ऐक.

मघाशी भांडी लावता लावता तू विचारलंस, "मावशी, त्या सरांनी तुला खरंच नापास केलं होतं?" केलं होतं. एकसष्टाव्या वर्षी, दुसऱ्याच्या वस्तीवर, मेंढरांच्या देखत केलं होतं. आणि तरी त्यांचा विषय निघाला की मावशी हसती कशी, हे तुला कळत नाही. मलाही कळायला वेळ लागला. नाव मात्र सांगणार नाही. आपलं नाव कुठं छापलेलं दिसलं की सरांच्या अंगाला खाज सुटायची.

सर म्हणजे उभी तुराटी. उंच, वाळलेले, वाऱ्यानं जरा कललेले. खिशाला पेन नाही, पण सूर लावायचा एक लोखंडी चिमटा कायम. तो गुडघ्यावर आपटायचा आणि त्याची दांडी दिसेल त्या वस्तूला टेकवायची. टेबलाला, माठाला, खिडकीच्या गजाला. एकदा आमी यष्टीनं चाललो होतो, तर समोरच्या सीटच्या दांडीला टेकवला. कंडक्टर म्हणाला, "ओ काका, काय करायलात?" सर म्हणाले, "तुमची गाडी आतून काय बोलते ते बघतो." कंडक्टर म्हणाला, "मला इचारा की. आतून रडती ती." सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी उतरताना त्याला हात जोडले आणि पुढं वर्गात चारदा सांगितलं, की कंडक्टरला कान आहे, तुमाला नाही.

फोनची तऱ्हा वेगळीच. हॅलो कधी म्हणायचे नाहीत. फोन उचलला की लांब "सा" लावायचे आणि थांबायचे. आपण त्याच सुरात "सा" दिला तर बोलणं सुरू. आपण "सर, मी बोलतेय, ते वर्गाचं..." असं सुरू केलं की शांतपणे म्हणायचे, "बाई, तुमी गडबडीत आहात. इत्मिनानानं फोन करा." आणि ठेवून द्यायचे. बँकेतून फोन आला तरी हेच. एका बँकेतल्या मुलीनं म्हणे खरंच सुरात उत्तर दिलं, तर सर तिच्याशी पंधरा मिनिटं बोलले आणि तिनं सांगितलेला विमाही काढून बसले.

आता मी त्यांच्या वर्गात गेले कशी, ते सांगते. तुझे काका अकरा महिने अंथरुणावर होते, तू तेव्हा शाळेत होतीस. लकव्यानं उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मी दिवसभर त्यांच्या कानाशी बसून भजनं म्हणायची. ते डोळे मिटून घ्यायचे. त्यांना बरं वाटत होतं का नकोसं होत होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते गेल्यावर इतकी वर्षं तेवढं एकच डोक्यात राहिलं. मग इथल्या व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "काकू, गाणं म्हणायला माझ्या दवाखान्यात कधीही या. पण उपचार म्हणून तुमाला पेशंटजवळ बसवायचं तर कागद लागतो. शिकून या, कागद आणा, आठवड्यातले दोन दिवस तुमचे." त्यांनीच सांगितलं, की संगीतोपचाराचा दोन वर्षांचा कोर्स असतो, विद्यापीठ लांबचं पण केंद्र परभणीत हाय. बालवाडीची नोकरी सुटलेली, लेक सासरी. बारावी मी मागंच बाहेरून केलेली. घातला फॉर्म.

परभणीत विद्यापीठ म्हटलं की लोकांना बियाणंच आठवतं. पहिल्या दिवशी स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला म्हणलं, "विद्यापीठाच्या केंद्रात जायचंय." त्यानं मला थेट कृषी विद्यापीठाच्या फाटकात नेऊन उभं केलं. मी म्हणलं, "बाबा, मला गाणं शिकायचंय." तर म्हणतो, "मावशी, इथं तुरीचं शिकवतेत." गावातही तेच. शनिवारी पिशवी घेऊन निघाले की कुणीतरी हटकायचंच, "काकू, औंदा कपाशीचं कोणतं वाण घ्यावं?" पहिले सहा महिने मी समजावून सांगितलं. मग कंटाळून वाण सांगायला लागले.

केंद्र म्हणजे स्टेशनच्या मागं पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या. खाली गिरणी सुरू झाली की वरची फरशी थरथरायची. आमाला वाटलं, अशा गोंगाटात संगीत कसं शिकवणार? सरांनी ती जागा मुद्दाम घेतली होती. म्हणायचे, "दवाखान्यात काय शांतता असते का? गिरणीला टाळायचं नाही. तिच्यात बसायचं." पहिले दोन महिने आमाला गाऊच दिलं नाही. नुसतं ऐकायचं आणि वहीत लिहायचं, गिरणीत आता ज्वारी चाललीय का गहू. मला घरचं ऐकून ऐकून ओळखू यायचं. मी म्हणलं, "सर, ज्वारी. आणि जरा ओली हाय." सर जिना उतरून खाली गेले, मुठीत पीठ घेऊन वर आले, बोटांनी चोळलं आणि वहीवर सही केली. माझी पहिली सही ती.

वर्गात आमी नऊ जण. पाथरीची एक नर्सबाई होती, हुशार, पण घाईची. तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, शुगरला कोणता राग?"

सर म्हणाले, "शुगरला डॉक्टर."

"आणि बीपीला?"

"बीपीला गोळी. आणि आपल्या गाण्यामुळं कुणी गोळी बंद केली असं कानावर आलं, तर त्या दिवसापासून या जिन्यावर पाय ठेवायचा नाही."

"मग सर, आपण कशाला आहोत?"

सरांनी चिमटा गुडघ्यावर आपटला, आपल्याच कपाळाला टेकवला, सूर विरेपर्यंत थांबले. म्हणाले, "हा सवाल रोज घरून निघताना विचारत जा. उत्तर मिळालं नाही तर त्या दिवशी जास्त बरं काम होईल."

आणखी एक. रोगी, रुग्ण, पेशंट, हे शब्द त्यांना चालायचे नाहीत. यजमान म्हणायचं. "आपण त्यांच्या घरी जातो. ते यजमान, आपण पाहुणे. पाहुण्यानं वाढलेलं खायचं. आपल्या घरची भाजी डब्यात नेऊन लोकाच्या ताटात वाढायची नाही." विद्यापीठाच्या छापील फॉर्मवर "रुग्णाचे नाव" असं असायचं. सर प्रत्येक फॉर्मवर ते लाल शाईनं खोडून "यजमान" लिहायचे. विद्यापीठानं सगळे फॉर्म परत पाठवले. सरांनी पुन्हा खोडून पुन्हा पाठवले. तिसऱ्या वेळी तिथल्या कारकुनाचा फोन आला. सरांनी "सा" लावला. काय झालं देव जाणे, फॉर्म पास झाले.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक यजमान मिळायचा. वर्षभर त्याच्या घरी जायचं, नोंदवही लिहायची, शेवटी विद्यापीठाचे परीक्षक आणि सर दोघं येऊन बघणार आणि सह्या करणार. दोन सह्या झाल्या तर कागद. एक जरी राहिली तर काही नाही.

माझे यजमान मिळाले आपल्या गोदागंगेच्या पल्याडच्या एका वस्तीवर. मेंढरं राखणारं घर. मी त्यांना मामा म्हणायची, त्यांच्या मालकिणीला मामी. मामा पासष्टीचे, रापलेले, मिशा अशा. लकवा होऊन वर्ष झालं होतं. उजवा हात लुळा, पाय ओढत काठीनं चालायचे. सगळं समजायचं, पण बोलायला गेले की तोंडातून एकच गोष्ट निघायची. एक शिवी. कोणती ते विचारू नको. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सगळे शब्द जातात आणि एखादाच मागं राहतो. मामांचा नेमका तो राहिला. चहा पाहिजे, शिवी. ऊन लागलं, शिवी. पाया पडायला सून वाकली, तिला आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं, शिवी. आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी. मामी म्हणायची, "बाई, डाकटर येवो, सरपंच येवो, समद्याला एकच परसाद. लोक यायचे बंद झाले वो." मेंढरंही मामांच्या आवाजावर वाढलेली. मामीचं ऐकायची नाहीत, लोकाच्या रानात शिरायची. मोठा मुलगा सारखा म्हणायचा, विकून टाकू. मामा त्याच्याकडं नुसते बघायचे.

सर पहिल्या दिवशी माझ्याबरोबर आले. दाराशीच बसले, आत गेले नाहीत. मामीला विचारलं, "तुमच्या घरात सकाळी पहिला आवाज कशाचा असतो?" मामी म्हणाली, "ह्यांच्या खोकल्याचा." सर माझ्याकडं बघून म्हणाले, "लिहा." मी लिहिलं. मला वाटलं, हे काय लिहिण्यासारखं हाय? मी तर घरून ठरवूनच आले होते काय करायचं ते.

पुढच्या रविवारी मी फोनवर देवाचा ढोल भरून नेला. म्हणलं, मेंढरं राखणारी माणसं, त्यांचंच संगीत, ह्याहून चांगलं काय? सर आणि मी जीपमधून उतरलो, मामा बाजेवर, मी फोन लहान भोंग्याला जोडला आणि लावला. ढोल सुरू झाला, झांज सुरू झाली. मामा जरा ताठ बसले. मी खुशीत नोंदवही उघडली. तेवढ्यात मागं काहीतरी आपटलं. बघते तर मामीचे केस मोकळे, डोळे वर, आणि ती घुमायली! मेंढरांच्या पाण्याची बादली उलटी झालेली. पोरी, मी बालवाडी चालवली, भांडणं सोडवली, पण असं काही माझ्या हातून झालं नव्हतं. मी फोन बंद करायला गेले तर सून हात धरून म्हणाली, "बंद करू नगा बाई! मधीच थांबिवला तर देव रागवंल."

पाच मिनिटांत अख्खी वस्ती जमली. कुणी हळद आणली, कुणी नारळ. एक जण विचारतोय, "माय, माझी गाय कधी इयंल?" दुसरी विचारती, "जावई नांदवंल का?" मामी प्रत्येकाला घुमत घुमत उत्तर द्यायली. मामा बाजेवरून बायकोकडं बघताहेत आणि मोठ्यानं आपली ती एकच शिवी देताहेत. लोकांना वाटलं तीही देवाचीच. एकानं तर त्यांच्याही पाया पडून घेतलं.

सर काय करत होते? चपला काढून, हात जोडून, भिंतीला टेकून उभे. हसले नाहीत, घाबरले नाहीत. ढोल संपला, मामी हळूहळू भानावर आली, पदर घेतला, म्हणाली, "च्या ठिवू का?" सर म्हणाले, "ठेवा. साखर जरा जास्त." चहा झाल्यावर जीपमध्ये बसलो तेव्हा मी रडकुंडीला आले होते. सर म्हणाले, "नोंद करा, बाई. औषध यजमानाला दिलं, लागू यजमानिणीला झालं."

"सर, चेष्टा नका करू."

"चेष्टा नाही. खालती आणखी लिहा. ज्या घरात जे गाणं देवाचं काम करतं, ते आपण आपल्या कामाला जुंपायचं नाही. त्याला त्याचं काम हाय."

मी ते लिहिलं. गाय मात्र त्या आठवड्यात व्याली, म्हणून वस्तीवर माझी इज्जत वाढली.

त्यानंतर मी ठरवलं, आता धोका नको. आपल्या भजनी मंडळातली एक साधी ओळ घ्यायची, सोप्या चालीची. मामांच्या कानाशी बसायचं आणि म्हणायचं. दर शनिवारी वर्ग, दर रविवारी वस्ती. ओळीचा पहिला शब्द मी म्हणायची, हातावर ठेका द्यायची, त्यांच्या ओठांकडं बघायची. तिसऱ्या महिन्यात एक दिवस मामांच्या तोंडातून तो शब्द आला. शिवी नाही, शब्द! मामी कणकेच्या हातानं धावत आली. दिवाळीच्या पुढं अख्खी ओळ यायला लागली. बोलायला जीभ वळत नव्हती, पण चालीत घातलं की वळायची. सर वर्गात सांगायचे तेच होतं ते, की बोलण्याची आणि गाण्याची घरं डोक्यात शेजारी शेजारी असतात, एकाचं दार चिकटलं तर दुसऱ्याच्या अंगणातून जाता येतं. मला वाटलं, गेले मी आत. मिळाला मला कागद. डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगूनही टाकलं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक आले, इस्त्रीच्या कपड्यातले, भला माणूस. मामांना नवीन टोपी. मी कानाशी बसले, ठेका दिला. मामांनी ओळ म्हणली, अखंड. परीक्षक टाळ्या वाजवायला लागले, वस्तीनं वाजवल्या, मामी डोळे पुसायली. परीक्षकांनी तिथंच सही केली.

सर उठले, मामांच्या समोर जाऊन बसले. ऊन होतं, मामांचे ओठ सुकले होते. सरांनी विचारलं, "मामा, तहान लागली का?" मामांनी मान हलवली. "मग मागा की."

मामांनी तोंड उघडलं. आणि भजनाची ओळ म्हणली. पुन्हा थांबले, जोर केला. पुन्हा तीच ओळ. मग शिवी. मग ओळ. मान खाली घातली.

 मामीनं तांब्या आणून दिला. सर माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "बाई, वर्षापूर्वी ह्यांच्याकडं एक शिवी होती. आज एक शिवी आणि एक भजन हाय. पाणी कुठंय?"

नोंदवहीवर त्यांनी नापास लिहिलं नाही. तो शब्द ते लिहायचे नाहीत. लिहिलं, "पुन्हा." परीक्षक म्हणत होते, "अहो, जाऊ द्या, वयाचा विचार करा." सर म्हणाले, "वयाचाच करतोय. ह्यांच्या नाही, मामांच्या." आणि निघताना मला एवढंच, "तुमी फार जवळ बसता, बाई."

ते वाक्य मला कागदापेक्षा जास्त लागलं. जवळ बसते म्हणजे? कुणाजवळ बसते हे त्यांना काय माहीत? मी मामांच्या कानाशी बसत होते का तुझ्या काकांच्या, हे मलाच त्या रात्री नीट सांगता आलं नसतं.

इथं गावात मग काय, गंमतच झाली. मंडळातल्या बायका म्हणायच्या, "काय वो काकू, सूर चुकला का सर चुकले?" डॉक्टरीणबाई चांगल्या, म्हणाल्या, "थांबते मी." पण मला लाज. सरांचा रोज पाच वाजता फोन यायचा. मी उचलायची, पलीकडून "सा" यायचा, मी कट करायची. सात दिवस असं. आठव्या दिवशी फोन आला, "सा" नाहीच. सर घाईघाईत म्हणाले, "बाई, मी गडबडीत आहे. जराशी. रविवारी वस्तीवर जाणार ना?" आणि थांबले. माणूस अशी माफी मागतो का? पण ती माफीच होती. मला हसू आलं. मी म्हणलं, "जाते."

या खेपेला काही नेलं नाही. भोंगा नाही, भजन नाही. सरांनी शिकवलं होतं तसं दाराशी बसले आणि नुसतं ऐकलं. चार रविवार. मामी म्हणायची, "बाई, आज बी काई न्हाई का?" मी म्हणायची, "आज बी न्हाई." आणि तेव्हा मला दिसलं, म्हणजे ऐकू आलं, की ह्या घरात जवळ बसून कुणी बोलतच नाही. बोलणं सगळं लांबून. सून विहिरीकडून ओरडती, मुलगा बांधावरून. मामी वाड्यातून, मेंढरांच्या वाड्यातून हं, दोन रानं पलीकडं हाळी देती, "भाऽऽकर झालीऽऽ!" तो काही साधा ओरडा नव्हता. त्याला चढ होता, उतार होता, शेवटचं अक्षर वाऱ्यावर सोडलेलं. जन्मभर रानात राहिलेली माणसं. मामीला विचारलं, "तुमी मामाबरोबर शेजारी बसून कधी बोललात?" ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बया! बसून काय बोलायचं? हे तिकडल्या माळाला, मी हितं. जे काय संसाराचं बोललो ते हाळीनंच बोललो."

मी कपाळाला हात लावला. जो माणूस चाळीस वर्षं लांबून बोलला, त्याच्या कानाला तोंड लावून मी वर्षभर बसले होते!

पुढच्या रविवारी मामाला काठीनं चालवत ज्वारी काढलेल्या रानात नेलं, बांधावर बसवलं आणि मीही लांब जाऊन बसले. मामीला सांगितलं, पलीकडच्या टोकाला जा आणि रोजच्यासारखी हाळी दे. मामी लाजली. "बाई, आता म्हातारपणी?" मग गेली. मेंढरं मधल्या धसकटात चरत होती. मामीनं तोंडाला हात लावून हाळी दिली, "कुऽऽठं हायसाऽऽ?"

मामांनी मान वर केली. छाती भरून घेतली. काही आलं नाही. मामीनं पुन्हा दिली. तिसऱ्यांदा मामांच्या गळ्यातून एक आवाज निघाला, पहिल्यांदा नुसताच लांब, फाटका, आणि मग त्याच्या शेपटाला एक शब्द. "हिऽऽतंऽऽ!"

मला कळायच्या आधी मेंढरांना कळलं. सगळ्यांनी एकदम माना वर केल्या आणि बांधाकडं चालायला लागली. मामी तिकडं रानाच्या टोकाला मटकन खाली बसली.

मग सोपं झालं असं नाही. एक एक शब्द पंधरा पंधरा दिवस. पण ते शब्द मामांचे होते. पाणी. भाकर. वळव. चल. सगळे हाळीत. मग मी मामीला आठवड्याला दहा पावलं जवळ आणायला लागले. रानाच्या टोकावरून बांधावर, बांधावरून अंगणात, अंगणातून चुलीपाशी. आवाज मात्र मामांनी खाली आणला नाही. घरात बसून चहा मागितला तरी वस्तीला ऐकू जायचा. मामी म्हणायची, "बाई, पयलं बोलत न्हवते तवा रडायची. आता माझी भाकर करपली की गावाला कळतंय!" शिवी? हाय की. पण आता कारण असलं तरच. मोठ्या मुलानं मेंढरं विकायचं पुन्हा काढलं तेव्हा मामांनी ती वापरली, आणि अगदी जागेवर वापरली. मेंढरं तिथंच आहेत अजून.

दुसऱ्यांदा परीक्षा आली. तेच परीक्षक. ह्या वेळी घरात बसायला घोंगडी टाकली होती, पण मी म्हणलं, चला रानात. त्यांचे चकचकीत बूट धसकटात शिरले. सर पुढं, चिमटा खिशात. मामा लांब बांधावर, मेंढरांत. मामी हाळी देऊन म्हणाली, पाहुणे आलेत. मामांनी तिकडून विचारलं, "किऽऽतीऽऽ?" मामी म्हणाली, "तीऽऽन!" मामा म्हणाले, "च्या टाऽऽक!" परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. टोपी काढून हातात धरली. खिशातून पेन काढून सही केली.

राहिली सरांची.  सरांनी नोंदवही घेतली, उघडली आणि मिटली. म्हणाले, "मी कोण ठरवणार?" आणि तो माणूस, ज्याला मी तीन वर्षांत मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि रानभर हाळी दिली. सुरात, अगदी नेमक्या सुरात. "माऽऽमा! ह्या बाईचं काय करूऽऽ?"

मामा काठीवर रेलून उठले.  शब्द जुळवत होते, ते मला लांबूनही दिसत होतं. एवढं लांब वाक्य त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि ह्यातला एकही शब्द मी शिकवला नव्हता.

"येऽऽत जाऽऽ म्हणावंऽऽ!"

सरांनी गुडघ्यावर वही ठेवून सही केली. डोळे पुसले का घाम पुसला, ते मी बघितलं नाही. मीही तेच करत होते.

सर आता लेकीकडं राहतात, लांब. फोन केला की अजून "सा". मंगळवार, शुक्रवार मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात असते, रविवारी कधी वस्तीवर. कुणाजवळ बसायचं, कुणापासून किती लांब बसायचं, ते रोज नव्यानं बघावं लागतं. जमतं कधी, कधी चुकतं. चुकलं की मीही वहीत "पुन्हा" लिहिते आणि जाऊन झोपते.

जा आता, गाडी चुकंल तुझी. शेंगा ने बांधून. आणि हे बघ, कामाचं निमित्त काढून नको, सणाची वाट बघून नको, असंच, रिकाम्या हातानं, पण लवकर. येत जा गं पोरी.